भडकवणारे म्हणता, पण यादी कोणी केली ते पण छापा

संपादक महोदय, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात मागे एक पत्र आलं होतं, त्यात लिहिलं होतं की हे मजूर संघटनावाले, एनजीओवाले म्हणजे नुसते झोळी अडकवून फिरणारे लोक, गरिबांना भडकवतात आणि चालू कारखाने बंद पाडतात. पत्र बहुतेक पुण्याहून होतं. असो. मी इंदूरची, तुमचा ई-पेपर रोज वाचते, आणि आमच्या इकडे अलीराजपूर, झाबुआ, धार या आदिवासी जिल्ह्यांतले मजूर रोज डोळ्यांसमोर असतात, म्हणून म्हटलं आपण पण लिहावं, छापलं तर छापलं.

मी बरीच वर्षं इथल्या एका प्रायव्हेट लॅबमध्ये एक्स-रे काढायचं काम केलं. 2000 नंतरचा तो काळ. गंगवाल बस स्टँडवर उतरून लोक सरळ आमच्याकडे यायचे, पंचवीस-तिशीची पोरं, सोबत बायको नाहीतर म्हातारा बाप, आणि ती पोरं एक जिना चढली की भिंत धरून उभी राहायची, बोलायला दम नाही. फिल्म लाइटवर लावली की दोन्ही फुप्फुसांत, वरच्या बाजूला जास्त, साबुदाणा सांडल्यासारखे बारीक बारीक दाणे. रिपोर्ट काय तर टीबी. सहा महिन्यांचा कोर्स, बरं वाटलं नाही की परत कोर्स, मग जमीन गहाण टाकून तिसरा डॉक्टर. आता सिलिकाची, म्हणजे दगडाची बारीक धूळ छातीत गेलेल्या माणसाला टीबी पण लवकर होतो हे खरं आहे, म्हणून डॉक्टरांना सरसकट दोष देत नाही मी, पण फॉर्मवर नाव, वय, गाव असायचं आणि कामाच्या पुढे एकच शब्द, मजदूरी. कसली मजदूरी, कुठे, कोणाकडे, हे विचारायला रकानाच नव्हता हो.

ती मजदूरी होती गुजरातमध्ये, गोध्रा आणि बालासिनोरकडे. तिथे क्वार्ट्झचा दगड दळून पांढरी पावडर करायचे कारखाने, ती पावडर काचेला लागते, भट्ट्यांना लागते. इकडे दुष्काळ पडलेला, शेतात काही नाही, गावातलाच कोणीतरी ठेकेदाराचा माणूस येऊन गाडी भरून न्यायचा. तोंडाला गमछा बांधून पोती भरायची, धूळ इतकी की शेजारचा माणूस दिसत नाही असं ते लोक सांगायचे. काही महिने काम करून आले आणि दोन-चार वर्षांत गेले. या आजाराला सिलिकोसिस म्हणतात, त्यावर औषध नाही, फुप्फुस एकदा दगडासारखं झालं की झालं.

आता मुद्द्यावर येते. हे सगळं बाहेर कसं आलं? कुठल्या कारखान्याने सांगितलं नाही, कुठल्या ऑफिसने पण नाही. फॅक्टरी ॲक्ट 1948चा, त्यात सिलिकोसिस कळवायलाच पाहिजे अशा आजारांच्या यादीत होता, पण कळवणार कोण, कारखान्याच्या रजिस्टरवर या लोकांचं नावच नाही. हजेरी कार्ड नाही, पगाराची पावती नाही. म्हणजे कायद्याच्या हिशोबाने ही माणसं तिथे कधी गेलीच नव्हती. मग ज्यांना तुमचे पत्रलेखक भडकवणारे म्हणतात ना, ते लोक, खेडूत मजदूर चेतना संगठ, सिलिकोसिस पीडित संघ वगैरे, आणि त्यांच्यासोबत गावातले स्वतः आजारी असलेले लोक, फळ्या-फळ्यांतून, म्हणजे तिकडच्या वस्त्या-वस्त्यांतून, घरोघर फिरले. कोण गेलं होतं, कुठल्या कारखान्यात, किती महिने, कधी परत आला, कधी वारला, एक्स-रे आहे का, नसेल तर काढायला चला. असली यादी करायला डोकं थंड लागतं आणि चपला झिजतात, त्यात भाषण ठोकायला जागाच नसते.

त्या यादीवर पुढची सगळी केस उभी राहिली. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टात सिलिकोसिसवर याचिका, कोर्टाने ते काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे दिलं, आयोगाने 2010 मध्ये सांगितलं की मेलेल्या 238 लोकांच्या घरच्यांना गुजरात सरकारने प्रत्येकी 3 लाख द्यावे आणि आजारी असलेल्या 304 लोकांचं पुनर्वसन मध्य प्रदेशने करावं. तरी पैसे लगेच नाही मिळाले, 4 मे 2016ला सुप्रीम कोर्टाला परत ऑर्डर काढावी लागली. 238 गुणिले 3 लाख म्हणजे 7 कोटी 14 लाख, एवढ्या रकमेसाठी इतकी वर्षं. मधल्या काळात त्या 304 मधलेही लोक जात राहिले.

हे जुनं झालं म्हणाल तर आत्ताचं सांगते. आमच्या बिल्डिंगसमोर मोठं काम चालू आहे, तिथे टाइल कापणारी दोन-तीन भिल जोडपी ताडपत्रीच्या झोपडीत राहतात, पाणी न टाकता कोरडीच कटाई, वरपासून खालपर्यंत सगळे पांढरे. ठेकेदार आठवड्याला खर्ची देतो, म्हणजे किराण्यापुरते पैसे, बाकी हिशोब होळी-भगोरियाला (भगोरिया म्हणजे होळीच्या आधीची भिलांची जत्रा) गावी जाताना, आणि तेव्हा डायरीत हजेरी कमी निघते हे ठरलेलंच. त्यातली एक बाई मला मोबाइल दाखवत होती, प्रत्येक शनिवारी ठेकेदाराच्या डायरीच्या पानाचा फोटो. कोणी शिकवलं म्हटलं तर म्हणे संगठनची एक दीदी येते तिने. बाईला वाचता येत नाही पण फोटो लाइनीत लावलेले, कुठला कुठल्या आठवड्याचा ते बरोबर सांगते. आता हे भडकवणं असेल तर आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्या जपून ठेवायला सांगणारे सेक्रेटरी पण भडकवतातच म्हणायचे!

आणि या गोष्टी काही त्या दीदीच्या मनच्या नाहीत. दुसऱ्या राज्यातून ठेकेदारामार्फत आणलेल्या मजुरांसाठी 1979चा कायदा होता, त्यात ठेकेदाराने प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यायचं, जायचं-यायचं भाडं द्यायचं आणि वरून विस्थापन भत्ता, महिन्याच्या मजुरीच्या निम्मा नाहीतर 75 रुपये, जे जास्त असेल ते. मी तरी एकाही मजुराकडे ते पासबुक बघितलं नाही कधी. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन लेबर कोड लागू झाले आणि तो जुना कायदा त्यात विरघळला. आधी असे 5 मजूर असले की कायदा लागायचा, आता 10 लागतात, विस्थापन भत्ता गेलाच. चांगलं म्हणजे स्वतःहून दुसऱ्या राज्यात कामाला गेलेला मजूर पण, पगाराच्या मर्यादेत असेल तर, आता व्याख्येत बसतो, पूर्वी ठेकेदार मधे नसेल तर तो कुठेच नव्हता. पण हे त्या ताडपत्रीतल्या बाईला कोण सांगणार? तुमच्या पेपरात कोडवर मोठे मोठे लेख आले, सगळे पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे, टेक-होम किती कमी होणार त्याचे.

गंमत बघा, आमच्या नात्यातली निम्मी पोरं अमेरिकेत. तिथे व्हिसाचं वातावरण जरा गरम झालं की फॅमिली ग्रुपवर मेसेज सुरू, कागद जवळ ठेवा, वकिलाचा नंबर सेव्ह करा, अमक्या संस्थेने मोफत माहितीपत्रक काढलंय ते वाचा. ती संस्था चालवणारे लोक तेव्हा देवमाणसं. ओबामा शिकागोत कम्युनिटी ऑर्गनायझर होता हे आमचे एक काका फार कौतुकाने सांगतात, आणि तेच काका अलीराजपूरच्या ऑर्गनायझरला नेतागिरी करतोय म्हणतात.

इंदूरच्या लोकांनी तर असं म्हणूच नये. हुकुमचंद मिल नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद पडली, त्यात आपले मराठी कामगार पण होते, आणि त्यांच्या हक्काचे 224 कोटी मिळायला डिसेंबर 2023 उजाडला. तोपर्यंत मिलच्या गेटवर मीटिंगा, कोर्टाच्या तारखा, कोण वारलं त्याच्या वारसाचे कागद, हे सगळं कोणीतरी धरून ठेवलंच ना. आजही तेव्हाच्या युनियनवाल्यांबद्दल इथे लोक चांगलंच बोलतात. मग आदिवासी मजुरांचं तेच काम करणारा एकदम संशयित कसा होतो?

सगळे संघटनावाले साधुसंत आहेत असं माझं म्हणणं नाही. काहींची पत्रकं इतकी जड हिंदीत असतात की मलाच दोनदा वाचावी लागतात, काहींना फोटोची घाई, आणि एका संस्थेचं दुसरीशी पटत नाही हे तर आहेच. फॉरेनच्या पैशाचा हिशोब मागायचा तर जरूर मागा, त्याला पण कायदा आहे. पण कारखाने बंद पाडतात म्हणणाऱ्याने निदान एकदा सांगावं की त्या गोध्र्याच्या कारखान्यात धूळ ओढायचं मशीन बसवलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं.

राजस्थानने 2019 मध्ये सिलिकोसिससाठी वेगळी पॉलिसी काढली, सर्टिफिकेट मिळालं की आजारी माणसाला 3 लाख, तो वारला तर घरच्यांना 2 लाख. ती पण तिथल्या खाण मजुरांच्या संघटना मागे लागल्या म्हणूनच निघाली. मजूर आमच्या मध्य प्रदेशचे, कामाला गुजरातमध्ये, आणि दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवणार, तर इथे तसं का होऊ शकत नाही यावर तुमच्या एखाद्या वार्ताहराने अलीराजपूरला जाऊन लिहावं. महाराष्ट्राला लागूनच आहे, नंदुरबारहून तर जवळच पडतं. आणि होळीच्या आधी जा, नंतर लोक परत कामावर निघून जातात, गावात फक्त म्हातारे भेटतील.

आपली,
एक वाचक, सुदामा नगर, इंदूर