'स्टँड'च्या पुढे काय येतं

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तुझा आवाज बसलेला होता आणि मी व्याकरण काढून बसले. रात्रभर चुटपुट लागली, म्हणून हे पत्र. रूममेटशी बोलणं झालं का, हे मी विचारणार नाही.

तू तिला लिहिलंस, 'आय कान्ट स्टँड यू'. तुला सहन होत नव्हतं ते तिचं रात्री एक वाजता फोनवर मोठ्यानं बोलणं. मग 'स्टँड'च्या पुढे 'द नॉइज' यायला हवं होतं. 'यू' आलं आणि माणूसच नकोसा झाला. शिवाय पहिल्याच खेपेला एवढं जड क्रियापद कशाला? 'इट बॉदर्स मी' म्हटलं की त्रास होतोय एवढं पोचतं. 'अनॉइज'मध्ये वैताग येतो. 'हेट' तर फारच पुढचं. 'टॉलरेट' माणसाला लावू नकोस, उपकार केल्यासारखं वाटतं. 'पुट अप विथ' म्हणजे खपवून घेणं, ते तू तीन महिने केलंसच. पण तीन महिने गप्प का राहिलीस गं? आणि आता तरी बोललात का दोघी?

बघ, लागले शिकवायला. माफ कर.

आपल्याकडे राग येतो, तसा जातोही. 'आय हेट' म्हटलं की तो करणारी मीच होते. 'इट अनॉइज मी' त्यातल्या त्यात आपल्या वळणाचं.

सातवीत तू वर्गात 'आय ॲम अनॉइंग' म्हणालीस. वैतागलेय म्हणायचं होतं, झालं 'मी वैताग आणते'. सगळे हसले. घरी येऊन निळ्या वहीत पानभर 'अनॉइड' लिहिलंस, पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत. मग दोन दिवस कुणाशी चकार शब्द नाही. बाबा दाराबाहेर बसून राहिले होते. आज तू परक्या भाषेत भांडतेस, याचा मला केवढा अभिमान वाटतो! भीती वाटते ती त्या दोन दिवसांची. तिथे दाराबाहेर कोण बसणार?

'वुड यू माइंड'नं सुरुवात कर. पुढचं क्रियापद 'इंग' लावून: 'वुड यू माइंड टॉकिंग आउटसाइड?' त्यावर ती 'नो' म्हणाली तर लगेच तोंड फिरवू नकोस, तिथे 'नो' म्हणजे हरकत नाही, होकारच.

बोललीस की एक ओळ टाक. कितीही वाजले असले तरी.

तुझी,
आई