नॅशव्हिलच्या दादांना मनापासून धन्यवाद

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

नॅशव्हिलला, म्हणजे कंट्री या अमेरिकी लोकवळणाच्या गाण्यांच्या शहरात, येणाऱ्या मराठी मंडळींना तुम्ही जे दोन पानी टिपण पाठवता, त्याबद्दल आम्हा सगळ्यांकडून हे आभाराचं पत्र. त्याच्याशिवाय गीतकारांच्या मैफली होतात त्या ब्लूबर्ड कॅफेचं दारही सापडलं नसतं. ब्रॉडवे या बारच्या रस्त्याच्या झगमगाटापासून दूर, ग्रीन हिल्समधल्या दुकानांच्या रांगेतला तो एक गाळा. १९८२ पासून चालू आहे, आणि आत जेमतेम नव्वद माणसं मावतात. म्हणून ऑनलाइन जागा आधी पकडायची, हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंत ते फार बरं केलंत.

चार गीतकार खोलीच्या मधोमध, एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि आळीपाळीने स्वतःचं गाणं म्हणतात. त्यामुळे कुणाची ना कुणाची पाठ दिसणारच. त्यावर तुमचा सल्ला लाखमोलाचा: वादकाच्या डाव्या खांद्यामागची जागा घ्या, म्हणजे गिटारच्या तारांवरची बोटं आणि कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, दिसतो. गिटारच्या दुसऱ्या पडद्यावर कॅपो चढला की बोटांचे आकार तेच राहतात, सूर अख्खा एक स्वर वर जातो. आपल्याकडे पेटीवाला पांढरी एकवरून पांढरी दोनवर जातो, तसंच.

आकड्यांची ती खूणही तुमच्यामुळे कळली. बाकीचे तिघे कागद न बघता साथ कशी धरतात? एक म्हणजे सा वरचा कॉर्ड (एकदम वाजवलेले सूर), चार म्हणजे म वरचा, पाच म्हणजे प वरचा. पट्टी कुठलीही असो, आकडे बदलत नाहीत. सारेगम शिकलेल्या माणसाला हे पाच मिनिटांत उमगतं, पण ते कुणीतरी सांगावं लागतं.

आणि दाद! मैफलीत समेवर 'क्या बात है' निघून जाणारी आपली माणसं. इथे गाणं संपेपर्यंत गप्प राहायचं, कुजबुजही नाही. कंट्री हे शब्दांचं गाणं आहे, शेजारच्या टेबलावरची एक कुजबुज अख्खी ओळ खाते.

ब्रॉडवेवरच्या बारची रीत वेगळी. बऱ्याच ठिकाणी दारावर तिकीट नाही, वादकांची कमाई मुख्यतः टिपवर. म्हणून सुटे डॉलर हवेत, आणि फर्माईश करायची तर नोट आधी बादलीत. संध्याकाळनंतर अनेक बार एकवीसच्या आतल्यांना घेत नाहीत, पासपोर्टची झेरॉक्स चालेलच असं नाही, मूळ प्रत जवळ हवी.

पेडल स्टील या आडव्या ठेवून वाजवायच्या गिटारबद्दलच्या तुमच्या चार ओळींसाठी मात्र वेगळे आभार. दहा तारा, डाव्या हातात पोलादी दांडी, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की ठरावीक तारा वाजत असतानाच अर्धा किंवा पूर्ण स्वर चढतात, बाकीच्या जागच्या जागी. मींड एका तारेवर आणि षड्ज दुसरीवर स्थिर! कान तिथे लावा, असं तुम्ही लिहिलं होतंत.

दिवाळीनंतर येणाऱ्यांना तुमचं टिपण जसंच्या तसं पाठवलं आहे. वर एवढीच भर घातली: सुटे डॉलर विमानतळावरच करून घ्या.

तुमचे आभारी,
पुण्याहून आलेली मंडळी