दोन रॉड म्हणजे आपली एक साखळी

चि. मनीषा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू घराचं जुनं खरेदीखत वाचून दाखवलंस आणि ‘रॉड म्हणजे किती हो बाबा?’ असं विचारलंस. तेव्हा आवाज तुटत होता म्हणून आता लिहितो. एक रॉड साडेसोळा फुटांचा. दोन रॉड म्हणजे ३३ फूट, म्हणजे मी एकतीस वर्षं लोकांच्या शेतातून ओढत फिरलो ती जमीन मोजायची शंकू साखळी. चार चौरस रॉड झाले की बरोबर एक गुंठा. इंग्रजांनी तेच माप तिकडेही नेलं आणि इकडेही आणलं. म्हणून तुझा कागद मला परका वाटत नाही.

घर विंडसरला आहे असं तू म्हणालीस आणि मला झोप लागेना. तू अमेरिकेतल्या मेन राज्यात गेल्यापासून मी त्या भागाबद्दल मिळेल ते वाचतो आहे. विंडसरचं जुनं नाव माल्टा. ८ सप्टेंबर १८०९ रोजी तिथे पॉल चॅडविक नावाच्या तरुणाला गोळ्या घातल्या. त्याचा गुन्हा काय? मोजणीदाराच्या हाताखाली तो मोजणीला गेला होता. मुलगा त्याच वस्तीतला. मारणारेही शेजारीच, पण तोंडावर बुरखे आणि अंगावर घोंगड्या, रेड इंडियनांचं, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, सोंग केलेले. कोर्टात पुरावा आला, तरी नोव्हेंबरमध्ये ज्युरीने सगळ्यांना निर्दोष सोडलं. त्याआधी त्यांना सोडवायला हत्यारबंद माणसं ऑगस्टाच्या पुलापर्यंत आली होती. मिलिशिया, म्हणजे गावकऱ्यांची फौज, बोलवावी लागली. तू रोज कामाला जातेस त्याच गावात हे घडलंय.

आता यामागचा कागद बघ. १६२९ साली इंग्रजांच्या प्लिमथ वसाहतीला केनेबेक नदीवरची सनद मिळाली. १६६१ मध्ये ती बॉस्टनच्या चार व्यापाऱ्यांनी ४०० पौंडांना घेतली. पुढे कितीतरी वर्षं कागद पडूनच होता. १७४९ मध्ये वारसांनी तो झटकून बाहेर काढला, कंपनी उभी केली आणि नदीच्या दोन्ही काठांना पंधरा-पंधरा मैल आमचेच, असं सांगायला सुरुवात केली. ऑगस्टातला फोर्ट वेस्टर्न, जिथला फोटो तू पाठवला होतास, तो १७५४ मध्ये या मालकांनीच बांधला. बाजूला दुसऱ्या कंपन्यांच्या सनदा होत्या आणि त्यांच्या हद्दी एकमेकींवर चढलेल्या. नकाशा एक, दावेदार तीन, हे आपल्याकडेही मी पाहिलंय.

स्वातंत्र्ययुद्ध संपलं तशी माणसं उत्तरेकडे लोटली. १७९० च्या जनगणनेत मेनमध्ये शहाण्णव हजार माणसं होती, १८१० मध्ये सव्वादोन लाखांच्या वर. बहुतेकांच्या खिशात कागद नव्हता. झाडं तोडायची, जाळायची, बुंध्यांच्या मधल्या राखेत मका नि राय नावाचं धान्य पेरायचं, दगड वेचून कडेला रचायचे. तुझ्या खतात ‘दगडी भिंतीपासून’ लिहिलंय ना, ती भिंत कोणी हौसेने बांधलेली नाही. नांगराला आडवे आलेले दगड आहेत ते. अशी आठ-दहा वर्षं गेली की मालकाचा माणूस यायचा, सोबत होकायंत्र आणि साखळी. ‘पैसे भर, नाहीतर ऊठ.’

ते लोक म्हणायचे, आम्ही इंग्लंडच्या राजाशी लढलो, मग राजाच्या काळातली सनद आम्ही का मानायची? मला यात खोट दिसत नाही. पेनॉबस्कॉट खाडीकडे तर जमीनदार कोण, तर जनरल हेन्री नॉक्स, राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनचा युद्धमंत्री. बायकोच्या आजोबांची सनद त्याच्याकडे आली. ज्याच्याबरोबर स्वातंत्र्यासाठी लढले, त्याच्याच एजंटांना त्यांना हिशेब द्यावा लागला.

पण चॅडविकवरची गोळी मला माफ करता येत नाही. साखळीचं दुसरं टोक धरणारा माणूस नेहमी गरीबच असतो. एकदा एक म्हातारी मोजणी चालू असताना बांधावर आडवी झाली आणि म्हणाली, ‘माझ्यावरून न्या साखळी.’ आमच्या गड्याने साखळी खाली ठेवली, तिला पाणी दिलं आणि शेजारी बसून राहिला. पाऊण तासाने ती आपणहून उठली. तो गडी मला चॅडविकच्या जागी दिसतो.

यातून एक चांगली गोष्ट निघाली. १८०८ मध्ये, म्हणजे गोळीच्या आदल्याच वर्षी, मॅसॅच्युसेट्सने कायदा केला (मेन तेव्हा त्यांच्यात होतं, वेगळं राज्य १८२० मध्ये झालं). सहा वर्षं जमीन कसलेल्या माणसाला मालकाने फुकट हुसकायचं नाही. एकतर त्याने केलेल्या सुधारणांची किंमत ज्युरी ठरवेल ती द्यायची, नाहीतर जंगल असताना जी किंमत होती त्या भावात जमीन त्यालाच विकायची. घामाला कागदावर रकाना मिळाला. आपल्या पणजोबांचं नाव आधी सातबाऱ्याच्या इतर हक्कात ‘कूळ’ म्हणून होतं, १९५७ च्या कृषक दिनानंतर ते कब्जेदार सदरी, म्हणजे मालकाच्या जागी, आलं. आजी त्या दिवशी शेतात नारळ फोडायला गेली होती, हे तू तिच्याच तोंडून ऐकलंयस. म्हणून हा कायदा वाचताना माझे डोळे भरून आले.

मात्र एक गोष्ट मला खुपते, ती तुलाही सांगायला हवी. बुरखे घालून ज्यांचं सोंग केलं, त्यांची ती जमीन. केनेबेकवरच, थोडं वर, नॉरिजवॉक नावाचं अबेनाकी या मूळ रहिवाशांचं गाव होतं. ऑगस्ट १७२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शिपायांनी ते उद्ध्वस्त केलं, माणसं मारली. मालक आणि वसाहतवाले भांडत होते ते त्यानंतर. आणि हे संपलेलं नाही. १९७० च्या दशकात पेनॉबस्कॉट आणि पासामाक्वॉडी या तिथल्या मूळ जमातींनी निम्म्याहून जास्त मेनवर दावा लावला. आधार होता १७९० चा केंद्राचा कायदा, की काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, संमतीशिवाय त्यांची जमीन घेता येत नाही. १९८० मध्ये ८ कोटी १५ लाख डॉलरवर तडजोड झाली. ‘टायटल इन्शुरन्सचे (मालकीहक्काच्या विम्याचे) पैसे उगाच घेतात’ असं तू चिडून म्हणालीस. उगाच नाही, मनू. त्या मुलखात मालकी कधी सरळ चालत आलेली नाही.

घर घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. घे. दोघांनी कष्टाने पैसे जमवलेत, मला अभिमान आहे. पण सही करण्याआधी जावईबापूंना घेऊन त्या भिंतीच्या कडेने एकदा पूर्ण चालत जा. कोपऱ्यावरचे लोखंडी गज खतात लिहिलेत तिथेच आहेत का ते बघ. शेजाऱ्याला भेट, त्याच्या बाजूने हद्द कुठे मानतात ते विचार, आणि तुमच्या वाटेवरून कोणाची पूर्वीपासून वहिवाट आहे का तेही.

खताची प्रत फोटो काढून पाठव, अक्षर लागेल असा. रॉडचे फूट आणि गुंठे करून मी कच्चा नकाशा काढतो. आई म्हणते, वास्तुशांतीची तारीख तिला आधी कळव.

तुझे
बाबा