बाकावरच्या मॅडमना, पलूसहून

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

मिरजेत दवाखान्याच्या बाकावर तुम्ही माझ्या वडिलांशेजारी अर्धा तास बसलात. नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय.

साखरेमुळे वडिलांच्या तळपायांची आग होते. रात्र रात्र गार फरशीवर पाय टेकून बसतात. त्या दिवशी मी त्यांना मोबाईलवर आलेला मेसेज वाचून दाखवत होतो: अमेरिकेतलं नवं औषध सुझेट्रिजिन, नसांचं दुखणं मुळासकट बंद. काहीही करून ते आणायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तुम्ही मात्र वडिलांनाच विचारलंत, "बाबा, ऊस आहे का? मग पाण्याची दारं धरता ना?"

मग तुम्ही समजावलंत: नसेतली एकच पेशी पायाच्या बोटापासून कमरेपर्यंत, जणू मीटरभर लांब पाट. तिच्या अंगात बारीक दारं. एक उघडलं की सोडियम आत घुसतं, त्या धक्क्याने पुढचं उघडतं, असा निरोप वर जातो. दात काढतानाचं इंजेक्शन सगळीच दारं लावतं, म्हणून गालाला हात लावलेलाही कळत नाही. हे नवं औषध एकाच जातीचं दार बंद धरतं, आणि ते दार मुख्यतः दुखण्याच्या नसांवर असतं.

"म्हणजे पाट चालू, फक्त एका सरीचं दार बंद," वडील म्हणाले. त्यांचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

पुढचंही तुम्ही लपवलं नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये तिकडे मंजुरी मिळाली ती ऑपरेशननंतरच्यासारख्या थोड्या दिवसांच्या दुखण्यासाठी. मधुमेहाच्या नसांवर चाचण्या अजून चालू आहेत. कमरेतून पायात उतरणाऱ्या कळांच्या एका चाचणीत तर औषध नसलेल्या गोळीनेही जवळजवळ तेवढाच आराम पडला.

मग तुम्ही आमची पिशवी पाहिलीत. प्रीगाबालिन ही नसांच्या दुखण्यावरची गोळी वडिलांनी मनानेच सोडली होती. एक नस दुसरीला निरोप देते तिथे ती कॅल्शियमची आवक कमी करते, हे तुम्ही सांगितलंत आणि डॉक्टरांना विचारायला लावलंत. गोळी पुन्हा सुरू झाली. आग गेलेली नाही, पण झोप लागते. रोज रात्री आरसा धरून तळवे बघतात, तुम्ही सांगितलं तसं.

उसाला तोड यायच्या आत एकदा रानात या. दारं कशी मोडतात ते तुम्हाला दाखवायचंय म्हणतात.

आपला,
पलूसच्या बाबांचा मुलगा