मादाम मेनकांना एका वाक्यात बसवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुरुवातीच्या बोलपटांतल्या नृत्यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडला. पण कथक नर्तकी मादाम मेनकांच्या वाट्याला त्यात एकच वाक्य आलं: घरंदाज बाईनं कथक केलं आणि नृत्याला प्रतिष्ठा मिळाली. लोणावळ्यात मी तीस वर्षं मुलींकडून तत्कार, म्हणजे कथकचं पायांचं काम, घोटून घेतला. तेव्हापासून हे वाक्य दर दोन-तीन वर्षांनी कुठे ना कुठे वाचते आहे. ते अगदीच खोटं नाही, म्हणूनच जास्त खटकतं.

मेनका म्हणजे मूळच्या लीला रॉय. जन्म १८९९, बारिसाल, म्हणजे आजच्या बांगलादेशात. वडील बंगाली बॅरिस्टर, आई इंग्रज. काही शिक्षण लंडनला झालं आणि तिथं हातात व्हायोलिन आलं. लग्न झालं ते साहिबसिंग सोखी या लष्करी डॉक्टरांशी. हेच पुढे परळच्या हाफकिन संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. साहेबी इतमामात राहणाऱ्या या बाईनं रंगमंचासाठी नाव निवडलं ते विश्वामित्राची तपश्चर्या मोडणाऱ्या अप्सरेचं! ज्या काळात आपल्याकडे 'नाचणारी' हा शब्द खालच्या आवाजात उच्चारत, त्या काळात. सोज्वळ प्रतिष्ठेचीच हौस असती तर सीता, सावित्री अशी नावं काही कमी नव्हती.

आता प्रतिष्ठेचं. ती मिळाली म्हणताना कुणाच्या तरी अंगणातून उचलून आणली, हेही सांगायला हवं. मेनका शिकल्या पंडित सीतारामप्रसादांकडे आणि लखनौच्या अच्छन महाराज, लच्छू महाराजांकडे. या महाराजांच्या घराण्यानं कोठ्यावरच्या बायकांनाही पिढ्यानपिढ्या तालीम दिली होती. ठुमरीवरचा भाव त्या बायकांनी जपला, तोही कुचेष्टा सोसून. गोव्यातल्या आणि कोकणातल्या कलावंतिणींच्या लेकी-नातींना हे वेगळं समजावून सांगायला नको. तेव्हा मेनकाबाईंनी बंद दार उघडलं असं लिहायचं असेल तर खुशाल लिहा, पण आत आधीपासून कोण राबत होतं तेही लिहा.

त्यांचं स्वतःचं खरं काम मला दुसरंच वाटतं. कथक हा एकट्यानं करायचा नाच. त्यांनी तो समूहाला दिला, त्याला कथानक दिलं, वाद्यवृंद दिला आणि 'कृष्णलीला', 'मालविकाग्निमित्र' अशी नृत्यनाट्यं उभी केली. कथकली आणि मणिपुरीचे कलाकारही सोबत घेतले. आज शाळेच्या स्नेहसंमेलनात दहा मुली एका रांगेत चक्कर घेतात, त्यात काही नवल वाटत नाही. तेव्हा ते बसवावं लागलं होतं. दहा जणींची सम एकत्र आणणं काय असतं, हे मला विचारा.

१९३६ ते १९३८ या काळात त्यांचा संच युरोपभर फिरला. त्यात सरोदिये सखावत हुसेन खाँ होते. आपल्या भातखंड्यांनी १९२६ साली लखनौला उभ्या केलेल्या संगीताच्या मॅरिस कॉलेजात शिकवणारे हे उस्ताद. १९३६ च्या उन्हाळ्यात ऑलिंपिकच्या निमित्तानं बर्लिनला आंतरराष्ट्रीय नृत्यस्पर्धा झाली, तिथं संचानं पारितोषिकं मिळवली. हे आपण अभिमानानं सांगतो. पण ती स्पर्धा नाझी मंत्री गोबेल्सच्या प्रचार मंत्रालयाच्या छत्राखालची होती. अमेरिकेच्या नर्तकी मार्था ग्रॅहम यांनी तिचं निमंत्रण धुडकावलं होतं. मेनका गेल्या. त्यांना दोष द्यायचा म्हणून हे लिहीत नाही. पारतंत्र्यातल्या देशाच्या नर्तकीला युरोपातला कुठला रंगमंच स्वच्छ वाटावा, हाही प्रश्न आहेच. पण पदक सांगायचं आणि ते कुणाच्या घरचं ते गिळायचं, हे बरं नाही.

आणि पुरवणीचा विषय सिनेमा होता, तर मेनकांची सिनेमातली गोष्टही जर्मनीतलीच. रिचर्ड आयखबर्ग यांनी १९३८ साली जर्मनीत 'एशनापूरचा वाघ' नावाचा बोलपट काढला. त्यात मेनकांच्या संचाचं नृत्य आहे. हिंदुस्थानी नर्तकीची मुख्य भूमिका मात्र ला याना या युरोपीय नटीची. खऱ्या नाचणाऱ्या मागे आणि नाचणारीचं सोंग पुढे. यावर वेगळा लेख होईल.

परतल्यावर त्यांनी खंडाळ्याला 'नृत्यालयम्' काढलं. गुरूंनी तिथंच राहायचं आणि विद्यार्थ्यांनीही. नर्तकी शिरीन वजिफदार तिथल्याच. पुढच्या कथक नर्तकी दमयंती जोशी तर त्याआधीच, लहानपणी त्यांच्या घरात आल्या. त्यांचं पालकत्व मेनका आणि दमयंतींच्या आई वत्सलाबाई या दोघींनी मिळून निभावलं. एका मराठी आईनं पोटच्या मुलीला नाचासाठी दुसऱ्या बाईच्या ओटीत घालायचं आणि तरी हात सोडायचा नाही, याला मेनकांइतकंच धाडस लागलं असणार. वत्सलाबाईंवर मात्र कुणी अर्धं वाक्यही लिहीत नाही. दमयंतीबाईंना १९७० साली पद्मश्री मिळाली. साडी नेसून कथक करायची चाल त्यांनीच पाडली, असं आमच्यात सांगतात.

मेनका १९४७ साली गेल्या. पन्नाशीही गाठली नव्हती.

माझी एक विनंती छापावी. मुंबई-पुण्याच्या ज्या घरांत खंडाळ्याला शिकलेली आजी किंवा मावशी होती, तिथल्या जुन्या ट्रंकांत एखादा कार्यक्रमाचा कागद, फोटो, एखादं पत्र असू शकेल. ते रद्दीत जाण्याआधी आपल्या कचेरीत पोचवा, असं आवाहन आपण केलंत तर छायाप्रती काढून नावं-तारखा लावायला मी येईन. गुडघे गेले आहेत, पण डोळे अजून शाबूत आहेत.

आपली,
एक निवृत्त नृत्यशिक्षिका, लोणावळा