बीजिंगच्या त्या आजी आणि काकांना थँक्यू!

काल फॉरबिडन सिटी बघितली, 1420 मध्ये बांधून झालेला राजवाडा, दक्षिणेच्या दरवाजातून शिरायचं ते पार उत्तरेला बाहेर, मधे नुसती फरशीची पटांगणं, आईचा गुडघा अर्ध्यातच बोलायला लागला. तेवढ्यात एका चिनी आजींनी पिशवीतून आपलं घडीचं स्टूल काढून आईला दिलं, वर थर्मासमधलं गरम पाणी (गार पाणी तिकडे फारसं कुणी पीत नाही वाटतं!). संध्याकाळी ड्रम टॉवरमागच्या हुतोंगमध्ये (म्हणजे तिथल्या जुन्या गल्ल्यांमध्ये) साफ हरवलो, सगळ्या गल्ल्या सारख्याच, करड्या विटांच्या भिंती, तर एक काका सायकल हातात धरून मेट्रोपर्यंत सोबत आले, भाषा शून्य, नुसत्या खुणा. दोघांचेही खूप खूप आभार. काकांच्या हातात आईने चिक्कीचं पाकीट कोंबलं, तेवढंच.