आजींच्या गोधड्यांसाठी कपाट हवं, जुनी सुती लुगडी हवीत, शिकणारे हात हवेत

सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका आजींनी आपलं आयुष्यभराचं शिवणकाम आमच्या वाळपईच्या गोधडी गटाच्या स्वाधीन केलं आहे. पूर्ण झालेल्या गोधड्या, अर्धवट राहिलेल्या वाकळा, बाळाच्या दुपट्यांचे नमुने आणि रंगवार बांधलेली चिंध्यांची गाठोडी. त्यांची अट एकच: नुसतं जपून ठेवू नका, शिका आणि शिकवा. म्हणून दर शनिवारी त्या स्वतः येऊन बसतात.

यातली माटोळीची गोधडी तर प्रत्येकानं एकदा येऊन पाहावीच. चवथीला गणपतीच्या वर बांधतो ती माटोळी आजींनी कापडात उतरवली आहे. सुपारीचा घड, आंबाडे, तोरिंग, चिबूड, सगळं खाली लोंबतंय. चिबडासाठी त्यांनी हळदी लुगड्याचा विटलेला भागच निवडला. कोरा पिवळा तिथे भडक दिसला असता. सुपाऱ्या वेगळ्या कापलेल्या नाहीत, केशरी पट्टीवर टाके गोल फिरवून एकेक सुपारी उठवली आहे. चारी कडांना कुणबी लुगड्याची लाल चौकडी. कागदावर आधी काही काढलेलं नाही, सगळं नजरेनं.

शिवायची त्यांची रीतही मुद्दाम शिकण्यासारखी आहे. थर जमिनीवर ताणून पसरायचे, कच्चे टाके घालायचे आणि मग कडेनं धावदोरा घालत फेरीफेरीनं आत यायचं. दोन ओळींत बोटभर अंतर. घाटापलीकडे कर्नाटकातल्या हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी बायका कवंदी नावाची गोधडी शिवतात, तीही अशीच बाहेरून आत. त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या काळात गुलाम म्हणून आफ्रिकेतून गोव्यात आणले गेले होते. ही दोन्ही कामं कधीतरी शेजारी शेजारी मांडून बघायची आमची फार इच्छा आहे.

पण आधी पावसाळ्याची सोय करायला हवी. आपल्याकडची दमट हवा सुती कापडाची वैरीण. दोन गोधड्यांवर बुरशीचे काळे ठिपके आलेच आहेत, एकीच्या घडीत कसर सापडली. जमिनीपासून वर, जाळीच्या दारांचं, हवा खेळेल असं लाकडी कपाट करायचं आहे. त्यात गोधड्या घडी न घालता गुंडाळून ठेवू, कारण वर्षानुवर्षं एकाच घडीवर राहिलं की कापड तिथेच विरतं. लाकूड आणि मजुरी मिळून सुमारे ३५ हजार रुपये लागतील. कुणी सुतार भावानं मजुरीचा भार उचलला किंवा कुणी जुनं सागवान दिलं, तर तेवढी रक्कम कमी होईल. प्रत्येक देणगीची पावती मिळेल आणि हिशेब गटाच्या बैठकीत वाचला जाईल. आजींच्या गोधड्या विकल्या जाणार नाहीत, हेही इथेच स्पष्ट करतो.

शिकणाऱ्यांसाठी कापड हवं. घरात ट्रंकेच्या तळाशी पडलेली नऊवारी सुती लुगडी असतील तर ती द्या. डाग असले, विरली असली तरी चालतील, फाटकं कापड आतल्या थराला जातं. फक्त धुऊन, कडक उन्हात वाळवून द्या. पॉलिस्टर मात्र नको: शिवताना थर एकमेकांवरून घसरतात आणि त्या गोधडीत घाम जिरत नाही. शिकाऊ हातांनी शिवलेली दुपटी तालुक्यातल्या गरजू बाळंतिणींना द्यायचं ठरलं आहे.

पैशापेक्षाही निकड आहे ती माणसांची. आजींची नजर आता अधू झाली आहे, सुईत दोरा आम्ही ओवून देतो. हात मात्र अजून चुकत नाही. तो चालतो आहे तोवर प्रत्येक नमुना आलेख कागदावर मापात उतरवून घ्यायचा आहे, टाक्यांचे जवळून फोटो आणि व्हिडिओ काढायचे आहेत. चित्रकलेच्या मुलामुलींनो, कॅमेरा हाताळणाऱ्यांनो, तुमचा एखादा शनिवार द्या. सुई कधी धरली नसेल तरी या, पुरुषांनीही या.

शनिवारी दुपारी तीन ते सहा गटाची खोली उघडी असते, कापड आणि देणग्या तिथेच घेतो. डिचोली, फोंडा, पेडण्याकडच्यांनी एकत्र गाठोडं बांधून वाळपईला येणाऱ्या कुणाहाती पाठवलं तरी पोचेल. लुगडं कुणाचं, कुठल्या गावचं, एवढं चिठ्ठीवर लिहून आत घाला. आमच्या वहीत त्याची नोंद होईल.

आपल्या,
गोधडी गटातल्या बाया, वाळपई, सत्तरी